पोप झाला की पुढं संत ठरलेलाच, असं आहे का?

संत्राबाग_अचलपूर यांचा प्रश्न

मंडळी, नमस्कार. मी अचलपूर तालुक्यातला. संत्र्याची बाग करतो, आणि गावातल्या कॅथलिक चर्चच्या कमिटीचा सचिव आहे. सचिव म्हणजे वर्गणीची वही, किल्ल्या आणि भांडणं, तिन्ही माझ्याकडं. चर्चला लागून हॉल बांधलाय, त्याला 'संत जॉन पॉल दुसरे सभागृह' असं नाव द्यायचं बहुतेकांच्या मनात आहे. मी एकटा आडवा आलो. फादर म्हणाले, "तुमचं म्हणणं कागदावर द्या." लिहायला बसलो तर ते हॉलपुरतं राहिलंच नाही, म्हणून आधी इथं टाकतो.

१९५८ ते २००५ एवढ्या काळात चार पोप झाले. जॉन तेविसावे, संत. पॉल सहावे, संत. जॉन पॉल पहिले बिचारे तेहतीस दिवसच गादीवर होते, तेही २०२२ साली धन्यवादित (म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी) झाले. जॉन पॉल दुसरे, संत. चारपैकी एकही सुटला नाही. आता मागं जा. ११०० ते १९०० या आठशे वर्षांत जे पोप वारले त्यांच्यातले संत किती? दोन! सेलेस्टीन पाचवे आणि पायस पाचवे. एकतर मधले सगळे वाया गेलेले होते, नाहीतर आपल्या काळात माप सैल झालं. मला दुसरं खरं वाटतं.

जॉन तेविसाव्यांबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. संतपदाला एरवी लागणारा दुसरा चमत्कार सिद्ध व्हायची वाट न पाहता पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत केलं, तरी नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांनी जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरवली आणि त्यातून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लोकांच्या भाषेत आली. माझ्या आजीला लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती. 'एत कुम स्पिरितू तुओ' हे ती 'एकुम पिरतू तुवो' असं ठसक्यात म्हणायची, ज्वारी निवडता निवडतासुद्धा. मराठी मिस्सा सुरू झाल्यावर म्हणाली, "इतके वर्स देवाले काय सांगत होतो, ते आत्ता समजलं वं माय." ज्या माणसामुळं म्हातारीला आपलीच प्रार्थना कळली, त्याला संत म्हणायला मला रोमच्या कागदाची गरज नाही.

जॉन पॉल दुसऱ्यांकडे येतो. माणूस मोठाच. १९८१ च्या मे महिन्यात ज्यानं गोळ्या घातल्या त्या अली आग्जाला तुरुंगात जाऊन भेटला, त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसला. असं माझ्याच्यानं व्हायचं नाही. धुऱ्यावरून भांडलेल्या चुलतभावाशी मी अजून बोलत नाही. पण पुढचं बघा. २ एप्रिल २००५ ला ते गेले. अंत्यविधीच्या गर्दीत 'सांतो सुबितो' म्हणजे 'आत्ताच्या आत्ता संत करा' असे फलक झळकले. निधनानंतर पाच वर्षं थांबायचा नियम आहे, तो नव्या पोपनी, बेनेडिक्ट यांनी, महिना-दीड महिन्यात बाजूला ठेवला. २०११ मध्ये धन्यवादित, २७ एप्रिल २०१४ ला संत. नऊ वर्षं. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर मेले आणि १८६२ मध्ये संत झाले. २६५ वर्षं!

आणि नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॅटिकननं स्वतःच चारशेच्या वर पानांचा अहवाल काढला, अमेरिकेतल्या मॅकॅरिक यांच्याबद्दल. लैंगिक अत्याचारापायी ज्यांचं कार्डिनलपद गेलं आणि २०१९ मध्ये धर्मगुरुपदही काढून घेतलं, ते हे. न्यूयॉर्कच्या कार्डिनल ओ'कॉनर यांनी १९९९ मध्येच पत्र पाठवून सावध केलं होतं, असं त्यात आहे. तरी २००० मध्ये जॉन पॉल यांनी मॅकॅरिक यांना वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमलं. हा अहवाल २०१३ साली टेबलावर असता तर? ते पवित्र नव्हते असं मी म्हणत नाही. साक्षी पुऱ्या व्हायच्या आधी निकाल लागला, एवढंच म्हणतो.

शिवाय निकाल देणारं कोण? उमेदवाराच्या विरुद्ध बाजू मांडायला 'सैतानाचा वकील' म्हणून एक अधिकारी असे. १९८३ मध्ये जॉन पॉल यांनीच नियम बदलून त्याचं काम जवळजवळ संपवलं. मग स्वतः ४८२ संत जाहीर केले. त्यांची फाइल त्याच सोप्या नियमांतून गेली आणि त्यांना धन्यवादित केलं बेनेडिक्ट यांनी, जे १९८१ पासून त्यांच्याच हाताखाली रोममध्ये होते. सरपंचाच्या कामाची चौकशी उपसरपंचानं करावी, तसं हे.

जाणकारांनी सांगा, मी कुठं वाकडा जातोय?

वसईची_वाट

दादा, सविस्तर लिहिलंत. पण माझं मत उलट आहे.

संतपद म्हणजे कारभाराचं प्रशस्तिपत्र नव्हे. तुम्हीच सेलेस्टीन पाचव्यांचं नाव घेतलंत. ते डोंगरात राहणारे तपस्वी, १२९४ मध्ये त्यांना ओढून गादीवर बसवलं, पाच महिन्यांत सगळा घोळ झाला आणि त्यांनी राजीनामा दिला. पोप म्हणून काहीच जमलं नाही, तरी संत! पहिला पोप मानतात त्या पेत्रानं तर कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूला नाकारलं.

मॅकॅरिक अहवाल मीही वाचलाय. त्यात एक गोष्ट आहे जी तुम्ही सोडलीत. पोलंडमध्ये कम्युनिस्ट पोलिस धर्मगुरूंवर मुद्दाम खोटे आळ घेत, ते सगळं जॉन पॉल यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून मॅकॅरिक यांनी २००० मध्ये पत्र लिहून सगळं नाकारलं तेव्हा यांनी विश्वास ठेवला. चूक झाली, भयंकर चूक झाली. पण फसणं हे पाप नाही.

आणि आमच्या गोन्सालोंना साक्षीला काढलंत म्हणून सांगते. ते नि त्यांचे सोबती १६२७ मध्येच धन्यवादित झाले होते, म्हणजे तीस वर्षांत. पुढची २३५ वर्षं कुणी कसून चौकशी करत नव्हतं, प्रकरण नुसतं पडून होतं. उशीर झाला म्हणजे खोलात गेले असं नसतं.

(पॉल सहावे डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईला आले होते, तेव्हा माझे वडील वसईहून गाडीला लोंबकळत गेले होते. जाताना पोपनी आपली भेट मिळालेली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसे उभे केले. पॉल सहाव्यांवर तुम्ही एक ओळ लिहिलीत, म्हणून ही भर.)

पेढीकाठ

भाऊ, मी माळकरी मानूस, तुमच्या चर्चातलं मले काई समजत नाही. पन एक इचारतो, राग नका मानू. हे कागदं, फायली, चमत्काराचे सर्टिफिकेट, हे काहून लागते बाप्पा? आमच्याइकडं गाडगेबाबा होऊन गेले. हातात खराटा, डोक्यावर फुटकं मडकं. पाया पडू देत नोते कोनाले. २० डिसेंबर १९५६ ले अमरावतीच्या रस्त्यानं मोटारीतच जीव गेला, आमच्या पेढी नदीच्या पुलापाशी. कोन्या आफिसानं त्याईले संत केलं? कोन्याच नाही. लोकाईनं केलं. सरकारले मागून जाग आली अन् अमरावतीच्या विद्यापीठाले त्याईचं नाव देलं. शेगावच्या महाराजाचं बी तेच. तुमच्या पोपाले लोकं संत म्हनत असन तं म्हनू द्या ना. तुमी कायले आडवे पडून रायले?

संत्राबाग_अचलपूर

पेढीकाठभाऊ, राग कसला. पण तुमच्या गाडगेबाबांनी माझीच बाजू बळकट केली. त्यांच्यामागं ना गादी होती, ना पांढरा झगा, ना जगभरचे कॅमेरे. लोकांनी पाहिलं ते त्यांचं झाडणं आणि त्यांचं कीर्तन. पोपचं तसं नाही. बाल्कनीत उभा राहिला की खाली लाखभर माणूस असतोच. त्या गर्दीतला किती भाग माणसासाठी आणि किती गादीसाठी, हे कसं मोजणार?

आणि लोकांवर सोडा म्हणता, तर आपल्याच भागात बघा. कुणीतरी भगवं नेसून येतो, वर्षात मंडप पडतो, दोन वर्षांत चारचाकी येते, तिसऱ्या वर्षी पोलिस येतात. तिथंही लोकांनीच ठरवलेलं असतं. 'सांतो सुबितो' म्हणणारेही लोकच होते. म्हणून मला कागद पाहिजेत, भाऊ. जास्त पाहिजेत. सैतानाच्या वकिलाला पगार देऊन परत बसवा म्हणतो मी.

वसईच्या ताई, गोन्सालोंचं १६२७ मान्य, ते वजा करतो. पण 'फसणं पाप नाही' हे गळी उतरत नाही. पोलंडमध्ये आळ घेणारे पोलिस होते. इथं पत्र लिहिणारा न्यूयॉर्कचा कार्डिनल होता, स्वतः मरणपंथाला लागलेला. त्याला खोटं बोलून काय मिळणार होतं? शिवाय संत जाहीर करतो म्हणजे नुसतं 'हा स्वर्गात आहे' एवढंच सांगत नाही, 'याच्यासारखे व्हा' असंही सांगतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांपुढं उभं राहून मलाच ते सांगायचं असतं.

रात्रपाळी_बल्लारपूर

मी नर्स आहे, म्हणून चमत्काराच्या बाजूनं बोलते.

जॉन पॉल यांच्या खात्यावर दोन चमत्कार मानले गेले. एक फ्रान्समधली सिस्टर, तिला पार्किन्सन होता. दुसरी कोस्टा रिकाची फ्लोरिबेथ मोरा, तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगली होती. २०११ च्या मे मध्ये, ज्या दिवशी ते धन्यवादित झाले त्याच दिवशी, तिनं प्रार्थना केली आणि ती बरी झाली. डॉक्टरांचं मंडळ कागद तपासतं आणि सांगतं की याचा वैद्यकीय खुलासा आम्हाला देता येत नाही. ठीक आहे. वॉर्डात अशा एक-दोन गोष्टी मीही पाहिल्यात, डॉक्टर खांदे उडवतात आणि डिस्चार्ज कार्डावर सही करतात.

पण त्यातून एवढंच कळतं की प्रार्थना ऐकली गेली. ज्या पोरांनी बिशपांकडे तक्रारी केल्या आणि ज्यांची पत्रं कपाटात राहिली, त्यांची साक्ष या फाइलमध्ये कुठल्या पानावर बसते? बऱ्या झालेल्या बाईला रोममध्ये पुढं बसवतात. या दुसऱ्यांना कुणी बोलावत नाही.

माझं म्हणणं दादांच्याही पुढं जातं. पोपांना या यादीतून काढूनच टाका. ३ सप्टेंबर २००० ला काय झालं आठवा. जॉन तेविसाव्यांबरोबर त्याच दिवशी पायस नववेही धन्यवादित झाले. १८५८ मध्ये बोलोन्यातल्या एका ज्यू घरातून सहा वर्षांचं पोर, एदगार्दो मोर्तारा, पोपच्या राज्याच्या पोलिसांनी उचललं. का, तर मोलकरणीनं त्याचा गुपचूप बाप्तिस्मा केला होता, आणि बाप्तिस्मा झालेलं पोर ज्यू घरात वाढू द्यायचं नाही असा तिथला कायदा होता. आईबाप रडत राहिले, पोपनी पोर परत दिलं नाही. एक उदारांचा, एक जुन्या वळणाच्यांचा, असे दोघं एकाच दिवशी. हे पावित्र्य आहे की तिकीटवाटप? २०१४ मध्ये संत करतानाही जॉन तेविसावे आणि जॉन पॉल दुसरे अशी जोडीच होती.

तुमच्या हॉलला नाव सुचवते: देवसहायम पिल्लै. त्रावणकोरच्या दरबारातला माणूस, संसारी, हिंदू घरातून आलेला. १७५२ मध्ये गोळ्या घालून मारला, २०२२ मध्ये संत झाला. भारतातला पहिला सामान्य विश्वासू संत. ना फादर, ना सिस्टर, ना पोप.

पेढीकाठ

ताई, हे बेस सांगतलं. लेकरू उचलून नेलं अन् वरतून धन्यवादित? आमच्या गावात असं करनाऱ्याले लोकं चौकात उभं करतीन.

वसईची_वाट

मोर्तारांबद्दल मी पायस नवव्यांची वकिली करणार नाही. पण पोपांना सरसकट वगळा म्हणणं म्हणजे उलटा अन्याय. जॉन तेविसावे शेतकऱ्याच्या घरातले होते, ते गादीवर बसले म्हणून अपात्र?

आणि थांबा थांबा म्हणताय, त्यावर थोडा इतिहास. १९१७ च्या धर्मनियमात पन्नास वर्षांची अट होती. त्याआधी सद्गुणांची चर्चाच सुरू करायची नाही. तरी पायस दहावे १९१४ मध्ये वारले आणि १९५४ मध्ये संत झाले, म्हणजे चाळीस वर्षांत. अट कुठलीही घाला, पोप ती शिथिल करू शकतात.

संत्राबाग_अचलपूर

मग नियमच असा करा की पोपच्या फाइलला सवलत द्यायचा अधिकार पोपला नाही. पायस बारावे बघा. २००९ मध्ये 'आदरणीय' (धन्यवादितच्या आधीची पायरी) झाले आणि तिथंच थांबले, कारण युद्धाच्या काळात ज्यूंसाठी ते किती बोलले यावर वाद आहे. २०२० मध्ये त्यांच्या काळचं दफ्तर अभ्यासकांना खुलं केलं, आता लोक वाचताहेत. असंच व्हायला पाहिजे. आधी दफ्तर, मग संतपद.

ताई, देवसहायम यांचं नाव रविवारी मांडतो. 'हा कोण?' असं विचारतील, पण ते सांगायला मला आवडेल.

वसईची_वाट

तसा नियम टिकणार नाही, दादा. एका पोपनं केलेला असा नियम पुढच्याला बांधत नाही. पुढचा आला की बदलणार.

संत्राबाग_अचलपूर

ठीक आहे, मग फार थांबावं लागणार नाही. फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला गेले. माझे सगळ्यांत आवडते पोप तेच, हेही सांगून ठेवतो. त्यांची पाच वर्षं एप्रिल २०३० मध्ये भरतात. त्याआधी कुणी सवलत मागितली तर मी हाच धागा वर काढणार, आणि तेव्हाही विरोधातच लिहिणार.