म्हणे नियमनमुक्तीने शेतकरी सुटला!

बांधावरचा
काल इथे 'पेठकर' यांनी लिहिलं की २०१६ला फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकायची मोकळीक मिळाली, आडत म्हणजे दलाली खरेदीदारावर गेली, शेतकरी दलालाच्या तावडीतून सुटला. आता बाजार समित्यांना टाळं ठोका, असंही त्यांचं म्हणणं. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. समितीच्या आवाराबाहेर सेस, म्हणजे समितीचं बाजारशुल्क, नाही. तो वाचलेला सेस कुणाच्या खिशात गेला? गेल्या हंगामात द्राक्षबाग ३८ रुपये किलोने दिली. व्यापारी बांधावर आला, मणी चाखले, गोड बोलला. पहिल्या दोन गाड्या रोख, तिसरीला चेक, चौथीला फोन बंद. चेक परत. समितीत गेलो तर म्हणाले, सौदा आवाराबाहेरचा, आमचा संबंध नाही. पोलीस म्हणाले, पावती दाखवा. पावती म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरचा हिशोब. हीच का मुक्ती?

पेठकर
आमच्या सोसायटीजवळच्या आठवडे बाजारात शेतकरी स्वतः मेथी विकतो. त्याला विचारा.

गाळा_नंबर_सात
तो 'शेतकरी' पहाटे चारला आमच्याच आडतीच्या गाळ्यावरून मेथी भरतो, साहेब. सगळे नाही, पण तुमचा नक्की.

खुला_बाजार
बांधावरचे दादा, पाकिटावर हिशोब घेतला तुम्ही आणि दोष कायद्याचा? माझे वडील १९८०च्या चाकणच्या कांदा आंदोलनात होते. शेतकरी संघटनेचे शरद जोशी जन्मभर बाजार मोकळा करा म्हणत राहिले. मोकळा झालाय कुठे? ऑगस्ट २०२३ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी. तेव्हा तुमच्या समितीने काय दिवे लावले? आणि पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबात, हमाली नि वजनाची तोलाई कापतातच. इलेक्ट्रॉनिक काट्यावर कसली तोलाई?

माथाडीपुत्र
आलात ना फिरून हमालावर! वडिलांच्या मानेमागे लिंबाएवढी गाठ होती, शंभर किलोच्या गोण्यांनी आलेली. लहानपणी आम्ही ती दाबून बघायचो. ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी १९६९चा माथाडी कायदा आला, मंडळ आलं, तेव्हा कुठे फंड नि ग्रॅच्युइटी दिसली. आज आवाराबाहेरच्या गोडाऊनवर माल उतरवणाऱ्या पोरांची कुठे नोंद तरी आहे का? 'मुक्ती' त्यांचीही झालीच की, फंडापासून.

खुला_बाजार
आणि मालाला हात न लावता वराई, म्हणजे गाडी भरायची मजुरी, मागणारे? माझ्याच माणसांनी गाडी भरली, तरी पैसे टाकल्याशिवाय गेट सोडेनात. त्यांच्याही मानेवर गाठ होती का?

माथाडीपुत्र
आहेत तसले. नाही म्हणत नाही. खंडणीच आहे ती. पण त्यांच्या पापाची फेड माझ्या बापाच्या फंडातून करू नका. आणि तोंड सांभाळून.

गाळा_नंबर_सात
सगळ्यांनी दलालाला झोडा. मुलीच्या लग्नाला, औषध-फवारणीला उचल कोण देतं? आठवडे बाजारातलं गिऱ्हाईक?

बांधावरचा
देता, आणि मग माल तुमच्याच गाळ्यावर बांधलेला. दुसरीकडे दोन रुपये जास्त असले तरी पाय वळत नाही. तरीही खरं सांगू? आडत्याने मला कमी दिले असतील, पण बुडवले नाहीत. सकाळी सातला गाळा उघडतो हे ठाऊक असतं.

पेठकर
एकूण काय, समित्या राहू देत म्हणताय. संचालक मंडळात कोण बसलंय ते बघा जरा.

बांधावरचा
बघितलंय. आमच्याकडे पतसंस्था, दूध संघ, समिती, तिन्हीकडे एकच आडनाव. समिती धुतल्या तांदळासारखी आहे असं मी कुठे म्हटलं?

खुला_बाजार
बरं बाबा, मानलं. बांधावर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला परवाना हवा, अनामत हवी. खुल्या बाजारालाही चौकीदार लागतो, झालं समाधान? आता समितीच्या निवडणुकीतला गुलाल कुणाच्या सेसमधून येतो, तेही एकदा लिहा.

बांधावरचा
लिहितो. आधी त्या व्यापाऱ्याचा फोन लागू दे.