चॅनल बंद, तरी स्ट्रोब मधूनच चमकतात! आणि मुळात झाडावर किती लावावेत?

दिवेलागण
नमस्कार मंडळी. नाताळच्या रोषणाईचं हे माझं तिसरं वर्ष. पहिली दोन वर्षं नुसत्या माळा होत्या. यंदा हौस वाढली, गाण्यांवर चालणारा आठ चॅनलचा (म्हणजे दिव्यांच्या आठ लाइनी वेगवेगळ्या चालवणारा) कंट्रोलर घेतला आणि त्याच झटक्यात २४ स्ट्रोब बल्बही, म्हणजे क्षणभर लख्ख चमकून विझणारे, घेऊन टाकले. झेनॉनवाले, सी-९ मापाच्या होल्डरात बसणारे. २५ होल्डरची वायर अंगणातल्या झाडाला गुंडाळली, २४ बल्ब लावले, शेवटच्या रिकाम्या होल्डरवर टेप मारली. सगळं एकाच चॅनलवर.

पहिल्या रात्री चालू केलं तर बायको म्हणाली, "झाडाची पत्रकार परिषद आहे का?" खरंच तसंच दिसतंय. सगळीकडून नुसते फ्लॅश, झाड कुठेच नाही.

पण खरा वैताग वेगळाच आहे. शो संपतो, चॅनल बंद होतो, आणि मध्यरात्री पाणी प्यायला उठलो की खिडकीत चमक! मग अंधार. मग पुन्हा चमक, दुसऱ्याच फांदीवर. मोबाइल घेऊन मोजत बसलो. कधी २० सेकंदांनी, कधी पाऊण मिनिटाने. कंट्रोलरचा प्लग उपटला की गप्प. झाडाला काही बाधा झाली आहे का?

शिवाय इतर चॅनलसारखा यालाही हळूहळू वाढत जाणारा फेड दिला होता, तर चार दिवसांत दोन बल्ब गेले. त्यातला एक उघडून बघायच्या विचारात आहे. आणि गाण्याच्या ठेक्यावर हे चमकवायचे कसे? माझे तर आपापल्या मर्जीने चमकतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा (मंद चालेल).

फेजन्यूट्रल
आधी तो बल्ब उघडायचं डोक्यातून काढा. झेनॉनच्या आत कपॅसिटर असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये असतो तसाच. ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो. मेलेला बल्बसुद्धा चावतो. कचऱ्यात टाका आणि विसरा.

आता तुमची बाधा. कंट्रोलरमध्ये चालू-बंद करायला यांत्रिक रिले नसतो, ट्रायॅक म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो 'बंद' असतानाही थोडासा करंट झिरपू देतो. साध्या फिलामेंटच्या माळेला त्याचा पत्ताही लागत नाही, तेवढ्यावर फिलामेंट तापतच नाही. पण स्ट्रोबचा कपॅसिटर म्हणजे गळक्या नळाखालची बादली. थेंब थेंब साठतं, भरली की ओतली जाते. ओतली जाते म्हणजे चमकते. ज्याची बादली आधी भरेल तो आधी चमकेल, म्हणून दर वेळी वेगळी फांदी. इंडिकेटरवाल्या स्विचवर सीएफएल बंद असतानाही लुकलुकायचा ना, तोच प्रकार.

उपाय तुमच्याच वायरवर आहे. तो टेप मारलेला रिकामा होल्डर. त्यात साधा फिलामेंटचा सी-९ बल्ब लावा, ७ वॅटचा. एलईडी नको, फिलामेंटच हवा. झिरपणारा करंट त्याच्यातून सोप्या वाटेने निघून जाईल, बादल्या भरणारच नाहीत. एकच बल्ब उजळलेला बघवत नसेल तर तो फांदीच्या मागे वळवा, पण कापडात गुंडाळू नका, तापतो. सी-९ची वायर पॅरलल असते म्हणून हे जमतं. बारीक दिव्यांच्या माळा सिरीजमध्ये असतात, त्यांच्यात असले प्रयोग करायचे नाहीत.

बल्ब गेले ते फेडमुळे. आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्याला अर्धवट कापलेली व्होल्टेजची लाट मानवत नाही. त्या चॅनलला फक्त ० किंवा १००, मधलं काही नाही. आणि बल्ब किती व्होल्टचे आहेत ते एकदा बघा. ऑनलाइन मिळणारे पुष्कळसे १२० व्होल्टचे असतात, २३० च्या लाइनवर लावले तर फेडची वाटसुद्धा बघणार नाहीत.

समेवर
वरच्यांनी विजेचं सगळं सांगितलंच आहे, मी दिसण्याचं बोलतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे ४० स्ट्रोब होते, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात.

मीही ते संध्याकाळभर चालू ठेवायचो. दोन मिनिटांत डोळा मरतो, मग ४० असोत की ४००, काही वाटत नाही. तबलजी सतत समेवरच थाप मारत बसला तर सम कुठली? तिसऱ्या वर्षी मी झाडावर ८ ठेवले, छपराच्या कडेला ४, आणि एका गाण्यात फक्त दोन ठिकाणी, चार-पाच सेकंद. लोक तेव्हापासून थांबून बघायला लागले.

खरी गंमत फ्लॅशमध्ये नाही, त्याच्या आधीच्या काळोखात आहे. स्ट्रोब सुरू व्हायच्या आधी पाव सेकंद बाकी सगळे चॅनल बंद करून बघा. तेच ८ बल्ब दुप्पट वाटतात. मला हे चुकून कळलं. एकदा सीक्वेन्समध्ये एक तुकडा रिकामा राहून गेला होता आणि नेमका तोच सगळ्यांना आवडला. लावताना झाडाच्या आत, खोडाजवळ लावा. टोकाला लावले तर नुसते ठिपके दिसतात. आत असले की फांद्या मागून उजळतात आणि क्षणभर झाडाचा अख्खा आकार दिसतो. होल्डरची तोंडं खाली, म्हणजे पाणी साठत नाही.

ठेक्याचं म्हणाल तर या बल्बांना ठेका शिकवता येत नाही. प्रत्येकाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, साधारण सेकंदाला एक चमक, आणि कुणाचं कुणाशी जुळत नाही. तुम्ही त्यांना फक्त उठवू आणि झोपवू शकता. ताऱ्यांसारखं लुकलुकणं हवं असेल तर तेच छान. ठेका हवा असेल तर पिक्सेल (एकेक वेगळा चालवता येणारे एलईडी) घ्या किंवा डीएमएक्सवर, म्हणजे स्टेजच्या दिव्यांच्या कंट्रोल पद्धतीवर, चालणारा स्ट्रोब. तिथे प्रत्येक चमक तुमच्या हातात असते.

पण हिशेब करून. १२० च्या लयीचं गाणं म्हणजे सेकंदाला २ ठोके. ठोक्याला एक चमक दिली की सेकंदाला २. दुगुन केली की ४, चौगुन केली की ८. माझा सॉफ्टवेअर ५० मिलिसेकंदाच्या फ्रेमवर चालतो. एक फ्रेम पांढरी, पुढच्या नऊ काळ्या, बास. पिक्सेल सगळे एकदम पांढरे केले की एकेक साधारण ६० मिलिअँपिअर खातो. ५ व्होल्टचे १०० पिक्सेल म्हणजे ६ अँपिअर, तेही शून्यावरून एका झटक्यात. वायर लांब असेल तर शेवटचे पांढरे न दिसता लालसर दिसतात, तेव्हा दुसऱ्या टोकालाही सप्लाय जोडावा लागतो. मी ६० टक्के ब्राइटनेसवरच फ्लॅश मारतो. आधी काळोख असला की कुणाला फरक कळत नाही.

खिडकीतून
एरवी मी इथे फक्त वाचत असते, पण दुगुन-चौगुन वाचलं आणि राहवलं नाही.

माझ्या भाच्याला फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी आहे. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना ती असते, म्हणजे बहुतेकांना नसते. पण ज्यांना असते त्यातल्या पुष्कळांना पहिल्या झटक्यापर्यंत माहीतच नसतं. आम्हालाही नव्हतं. सेकंदाला साधारण ३ ते ३० चमका हा त्रासाचा पट्टा. वेबसाइटसाठीच्या नियमांतही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त चमका नकोत असं म्हटलं आहे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ ला टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळी चमक सेकंदाला १२ वेळा आली होती. त्या संध्याकाळी ६०० पेक्षा जास्त मुलं रुग्णालयात गेली.

आता २४ बल्ब, प्रत्येक सेकंदाला एक, कुणाचं कुणाशी जुळत नाही. म्हणजे झाड सेकंदाला २४ वेळा चमकतंय. लांबून ते बारीक ठिपके असतात, तितका धोका नाही. पण झाडाखाली उभ्या असलेल्या मुलाच्या नजरेत तेवढंच असतं. ठोक्याला एक चमक ठेवा, दुगुन नकोच. फाटकाबाहेर पाटी लावा, 'इथे चमकणारे दिवे आहेत'. ती दिवे दिसायच्या आधी वाचता आली पाहिजे. आणि कुणाला अस्वस्थ वाटलं तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड जातोच. एक डोळा तळव्याने पूर्ण झाकून तोंड फिरवायचं. हे आम्हाला डॉक्टरांनी शिकवलं.

अर्थिंग
चाळीस स्ट्रोबवाल्या भाऊंना दंडवत. एक माझ्याकडून. लाल-निळे स्ट्रोब रस्त्याकडे तोंड करून लावू नका. मी लावले होते. गाड्या वाट द्यायला बाजूला घेत होत्या.
आणि बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना? हे कुणीच विचारलं नाही.

दिवेलागण
सगळ्यांचे आभार. आरसीसीबी आहे, टेस्टचं बटण दाबून पाहिलं, पडतो.

बल्ब २३० चेच निघाले. काल संध्याकाळी टेप काढून पंचविसाव्या होल्डरात फिलामेंटचा बल्ब लावला आणि चॅनलचा फेड काढून टाकला. शो संपल्यावर खुर्ची टाकून अंधारात पाऊण तास बसलो. एकही चमक नाही. बायको दोनदा येऊन बघून गेली, झाडाला नाही, मला.

स्ट्रोब आता ७ च ठेवलेत, खोडाजवळ. एका वेळी पाच सेकंद, तेही शेवटच्या गाण्यातच. खिडकीतून ताई, पाटी वळणावर लावली आहे, झाड तिथून दिसत नाही. शिवाय सात म्हणजेही सेकंदाला ७ होतातच, म्हणून झाडापासून चार मीटरवर दोरी बांधली. तेवढं पुरेल का?

खिडकीतून
दोरी चांगलीच. पण लहान मुलं दोरीखालून जातात. शेवटच्या गाण्याच्या वेळी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.