मदत हवी आहे: आत्तीच्या छातीतली गाठ, बायोप्सीला तयारच होईना

नमस्कार मंडळी, माझी आत्ती ५४ वर्षांची, गडहिंग्लजकडं असते. डाव्या स्तनात गाठ होती पण दुखत नाही म्हणून कुणाला बोललीच नाही, परवा वैनीनं बघितलं तर वरची कातडी संत्र्याच्या सालीगत खड्डे पडलेली, बोंड आत ओढलेलं आणि काखेत पण कडक गोळी हाताला लागते. कोल्हापुरात आणून मॅमोग्राफी, सोनोग्राफी केली, आता डॉक्टर बायोप्सी (सुईनं गाठीचा बारका तुकडा काढून तपासणी) सांगतायत आणि ही म्हणते सुई लावली की पसरतंय. गावात सगळ्यांनी हेच डोक्यात भरवलंय. तसं पसरत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का, कुठल्या प्रकारचा, ईआर पीआर हर-टू (कुठलं औषध लागू पडंल ते ठरवायच्या तुकड्यावरच्या चाचण्या) काय आहे हे कळणारच नाही, पण ऐकंल तर शपथ. तुम्ही घरच्या बाईला कसं तयार केलं ते सांगा प्लीज.

दुसरं, २ सेंमीच्या आतली गाठ आणि काखेत काही नाही तर पहिली स्टेज, कातडीवर आलं तर तिसरी, हाडात, लिव्हरला किंवा फुफ्फुसात गेलं तर चौथी, एवढं मला समजलंय. तिसरीत आधी केमो देऊन गाठ बारकी करतात आणि मग ऑपरेशन, असं कुणाचं झालंय का? त्या दिवसांत जेवण, अशक्तपणा कसं सांभाळलं?

आणि महात्मा फुले योजनेतनं सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा इथं दुसरीकडं कुणी ट्रीटमेंट घेतली असेल तर रेशनकार्ड, आधार सोडून आणखी काय कागद लागले? आत्तीला बोलणारी कुणी बरी झालेली बाई असेल तर लई उपकार होतील.