मदत हवी आहे: हिपहॉप बीटसाठी एमपीसी घेऊ, सिंथ घेऊ, की लॅपटॉपवरच भागवू?

टिपरू

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कर्जतजवळ राहतो. मामाचं बेंजो पथक आहे, त्यात आठ वर्षं ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. हळदी, गणपती, देवीची मिरवणूक, सगळं. माझा एक मित्र मराठीत रॅप लिहितो आणि चांगलं लिहितो. आतापर्यंत तो यूट्यूबवरून बीट उतरवून त्यावर म्हणायचा. पण त्याच बीटवर आणखी शंभर जण म्हणत असतात. म्हणून ठरलं की बीट आपणच बनवायचे, म्हणजे मी बनवायचे.

लॅपटॉप आहे (आय-फाइव्ह, आठ जीबी, एसएसडी). एका सॉफ्टवेअरची ट्रायल टाकली. माऊसने चौकोन भरत बसलो की बीट होतो, पण मेलेला वाटतो. म्हणून छोटा मिडी कीबोर्ड मागून आणला, आठ पॅडवाला. (त्याला स्वतःचा आवाज नाही, काय दाबलं ते फक्त लॅपटॉपला कळवतो.) पॅडवर मारलं की आवाज उशिरा येतो. थोडा नाही, चांगलाच उशिरा. माझं डोकं फिरलं. ऑक्टोपॅडवर असं कधी होत नाही. त्यावरून माझं मत झालंय की सॉफ्टवेअर आपल्या हाताला झेपणारं नाही, हार्डवेअरच पाहिजे.

जवळ ४५ हजार आहेत, दोन सीझनचे. ठाण्यात एक जण वापरलेला एमपीसी वन (पॅड मारून बीट बनवायचं यंत्र) ४२ हजारांना देतोय. दुसरा एक म्हणतो अॅनालॉग सिंथ (सर्किटमधून सूर घडवणारं यंत्र) घे, खरा बेस, म्हणजे खर्जाचा आवाज, त्यातच. रविवारी बघायला जायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

वायरमन

रविवारी जाऊ नकोस. आधी एवढं सांग, आवाज कशातून ऐकतोस? लॅपटॉपचा स्पीकर, वायरवाला हेडफोन की ब्लूटूथ?

टिपरू

ब्लूटूथ. गळ्यातला.

वायरमन

हाच तुझा ४२ हजारांचा आजार.

ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक होतो, हवेतून जातो आणि कानापाशी उलगडतो. यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. व्हिडिओ बघताना कळत नाही, कारण चित्रालाही तेवढंच थांबवून ठेवतात. पण हाताला कोण थांबवणार? आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दोनशे मिलिसेकंद म्हणजे तू स्पीकरपासून जवळजवळ ७० मीटर लांब उभा राहून वाजवतोयस. मिरवणुकीच्या शेपटाला उभं राहून पुढच्या ट्रॉलीशी ठेका जुळवायचा, तसं.

आता हे कर, फुकट आहे. वायरवाला हेडफोन लाव. विंडोज असेल तर एसिओ-फोर-ऑल नावाचा ड्रायव्हर टाक, सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तो निवड आणि बफर (आवाज सोडण्याआधी लॅपटॉप साठवून ठेवतो तो तुकडा) २५६ वर आण. सेकंदाला ४४,१०० नमुने या सॅम्पल रेटला २५६ चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद. ५१२ ठेवलास तर ११.६. वर थोडी वरकड असतेच. तरी हिशेब चार-पाच मीटरच्या आत राहतो, आणि ट्रॉलीपासून तेवढ्या अंतरावर तू आठ वर्षं वाजवतोच आहेस. १२८ वर नेलंस आणि चरचर यायला लागली तर परत २५६. बीट पूर्ण झाल्यावर मिक्सिंगला १०२४ कर, तेव्हा हाताने काही वाजवायचं नसतं.

खर्जातला

वायरमनशी सहमत, पण हार्डवेअरची बाजू कोणी मांडतच नाहीये म्हणून लिहितो. मी लोखंड जमवणारा माणूस आहे, तेव्हा पक्षपात धरून चाला.

हिपहॉपचा आवाज मुळात यंत्रांच्या अडचणीतून आलाय. एसपी-१२०० हा सॅम्पलर, म्हणजे दुसरीकडचा आवाज उचलून वाजवणारं यंत्र, १९८७ चा. १२ बिट, म्हणजे आवाज जरा ओबडधोबड, आणि सगळे आवाज मिळून जागा फक्त दहा सेकंदांची. मग पोरांनी काय केलं? मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून सॅम्पल घेतलं, म्हणजे कमी सेकंदांत मावतं, आणि आत गेल्यावर ते परत खाली ओढलं. त्या ओढाताणीत आवाजाला जी खरखर आली ती लोकांना इतकी आवडली की आज सॉफ्टवेअरमध्ये ती पैसे देऊन घालतात. दुसऱ्या वर्षी रॉजर लिनने डिझाइन केलेला अकाईचा एमपीसी-६० आला. सोळा पॅड, चार बाय चार. जे डिला या अमेरिकन बीटकाराचा एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलाय, तबला ठेवावा तसा. हा माणूस ठोके मुद्दाम पुढेमागे ठेवायचा. ऐकताना वाटतं की पडतोय, पडतोय, पण पडत नाही.

आणि हे सगळं अमेरिकेतच, असंही नाही. मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीचा टीआर-८०८ (ड्रमचं यंत्र), टीबी-३०३ (बेसचं यंत्र) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) घेऊन रागांची एक तबकडी काढली होती. तेव्हा कोणी विचारलं नाही. पुढे जगभरचे लोक ती शोधत फिरले.

आता तुझ्या दोन सौद्यांबद्दल. एमपीसी वन हे 'सॉफ्टवेअर नाही' या समजुतीत घेऊ नकोस. आत प्रोसेसर आहे, २ जीबी रॅम आहे, सिंथही प्लगिनच (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम) आहेत. तो पॅड लावलेला संगणकच आहे. फायदा इतकाच की चालू केला की दुसरं काही दिसत नाही, व्हॉट्सॅप वाजत नाही. हा फायदा लहान नाही, मी त्यासाठीच वापरतो. पण मित्राचा आवाज, मिक्सिंग, अपलोड यासाठी शेवटी लॅपटॉपच उघडावा लागतो.

अॅनालॉग सिंथ मात्र आत्ता नको. त्यातून तुला ड्रम मिळणार नाहीत, सॅम्पल मिळणार नाही, मिळणार एक बेस आणि एक लीड (वरची चाल). डॉक्टर ड्रे या अमेरिकन रॅपर-निर्मात्याच्या गाण्यांत ती शिट्टीसारखी घसरत जाणारी लीड ऐकली असशील. ती बनवायला एक ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग) आणि पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लागतो. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी हे सिंथ फुकट आहेत, दोन्हींत पाच मिनिटांत होते. आणि '८०८ बेस' म्हणून जो ऐकतोस तो आजकाल बहुतेक वेळा टीआर-८०८ यंत्राच्या किकचं (मोठ्या ड्रमच्या ठोक्याचं) लांबवलेलं सॅम्पलच असतं. मूळ यंत्र १९८० ते ८३ एवढंच बनलं.

गोधडी

हार्डवेअरवाल्यांनी खर्चाची दुसरी बाजूही सांगावी की! माझ्या भावाने अमेरिकेतून एक सिंथ आणला. मी हौसेने पिन बदलून भिंतीत लावला. अॅडॉप्टर फक्त १२० व्होल्टचा होता. वास आधी आला, धूर मागून. चूक पूर्ण माझी, मागे लिहिलेलं वाचलं नव्हतं. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० चालवून घेतो म्हणून आपण गाफील राहतो. आणि रत्नागिरीच्या पावसात दुसऱ्या एका वापरलेल्या यंत्राच्या बटणांना असा दमटपणा धरला की एकदा दाबलं की दोनदा वाजायचं. ते उघडून साफ करणारा माणूस मिळेपर्यंत दिवाळी आली.

वापरलेलं घेणारच असशील तर सगळे सोळा पॅड हळू आणि जोरात दोन्ही मारून बघ, प्रत्येक नॉब फिरवताना स्क्रीनवरचा आकडा उड्या मारतो का बघ, आणि अर्धा तास चालू ठेव.

टिपरू

वायरमन दादा, पाय कुठे आहेत तुमचे? वायरवाला हेडफोन शेजारच्याकडून आणला, ड्रायव्हर टाकला, २५६ केलं. हात आणि आवाज एकत्र! रात्री दोनपर्यंत वाजवत बसलो.

पण आता दुसरं दुखणं. हे पॅड फारच छोटे आहेत. बोटांनी मारायची सवय नाही, माझा हात काठीचा. जोर कमीजास्त नीट जात नाही. यावर तरी एमपीसी उपाय आहे का?

वायरमन

एमपीसीचे पॅडही बोटांचेच. घरात ऑक्टोपॅड कुठला आहे?

टिपरू

रोलँडचा एसपीडी-२०. मामाचा आहे, पण सीझन नसला की माझ्याच खोलीत असतो.

वायरमन

अरे बाबा. मागे बघ, मिडी आउट लिहिलेलं गोल, पाच पिनांचं छिद्र आहे. तिथून यूएसबी-मिडी केबल लॅपटॉपला. आठ वर्षांचा हात, आठ पॅड, आणि आतून वाजणार तू निवडलेला कुठलाही आवाज. हजारो रुपयांचा कंट्रोलर उशाला घेऊन झोपतोयस आणि ठाण्याला निघालायस.

दोन गोष्टी सांभाळ. अगदी स्वस्तातली केबल घेऊ नकोस, भरभर वाजवलं की मधलेच ठोके गिळते. आणि ऑक्टोपॅडचा प्रत्येक पॅड एक ठरावीक नोट नंबर पाठवतो. सॉफ्टवेअरच्या ड्रम सॅम्पलरमध्ये किक, स्नेअर, हॅट हे ड्रमचे आवाज त्याच नंबरांवर बसवावे लागतात. पहिल्यांदा अर्धा तास जाईल, मग टेम्प्लेट म्हणून सेव्ह कर.

खर्जातला

हे मला सुचायला हवं होतं. लोखंड जमवण्याच्या नादात घरातलं लोखंड दिसत नाही.

यात भर घालतो. वाजवून झालं की लगेच 'क्वांटाइझ' दाबू नकोस. ते दाबलं की सगळे ठोके रेघेवर जाऊन बसतात, आणि तू म्हणालास तो 'मेलेला' बीट तिथेच तयार होतो. लिनच्या यंत्रांपासून चालत आलेला स्विंगचा, म्हणजे दर दुसरा ठोका किती उशिरा पडतो त्याचा, आकडा बघ. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ म्हणजे तिनाच्या हिशेबाचा झोल, कोळीगीताकडे झुकलेला. ५४ ते ५८ च्या मधे डोकं आपोआप हलायला लागतं. पण तुझ्या हातात ढोलकीचा ठेका आहे. आधी तोच मिनिटाला ९० ठोक्यांच्या टेम्पोला वाजव आणि फक्त किक रेघेवर आण. बाकीचं हातावर सोड.

चकली

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. सॉफ्टवेअर नेमकं कुठलं घ्यावं हेही कोणी सांगा ना. माझा धाकटा भाऊ अजून फोनवरच बनवतो आणि घरचे हसतात.

वायरमन

हसू द्या. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये गाजलेलं पहिलं गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं आणि त्यावरच चित्रित केलं. नाइन्थ वंडर या अमेरिकन बीटकाराने २००३ मध्ये रॅपर जे-झीच्या अल्बमसाठी बीट दिला, तेव्हा तो फ्रूटी लूप्स या सॉफ्टवेअरवर काम करणारा माणूस म्हणूनच ओळखला जायचा, आणि तेव्हा त्या सॉफ्टवेअरला लोक खेळणं म्हणायचे. आज त्याचंच नाव एफएल स्टुडिओ.

माझं मत: फोनवर बँडलॅब हे अॅप चालेल. लॅपटॉपवर एफएल एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, बीटवाल्यांत शिकवणारेही सगळ्यात जास्त त्याचेच. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं आणि घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा, पण त्यात ड्रमचे आवाज आपले आपण आणावे लागतात. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच. क्रॅक टाकू नका. नैतिकता राहू दे बाजूला, त्यातून येणारा व्हायरस सगळे प्रोजेक्ट घेऊन जातो.

टिपरू

केबल आली, लागली, चालली. मामाला दाखवलं. तो म्हणाला, 'हे आधीपासून होतं यात?'

ठाण्याच्या माणसाला 'नको' म्हणून कळवलं. ४५ मधून वायरवाला चांगला हेडफोन, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) आणि सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती असं धरतोय. माइक पथकाचाच एसएम-५८ वापरू. बाकी पैसे शिल्लक.

आता मित्राचं म्हणणं, एखाद्या जुन्या लावणीच्या रेकॉर्डमधला तुकडा घेऊ. चालतं का?

गोधडी

ते सरळ नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. आपल्याकडे मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, शब्द-चालीचा रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तुकडा चार सेकंदांचा असला म्हणून सुटका नाही. यूट्यूबची यंत्रणा तो ओळखते आणि कमाई भलतीकडे जाते. घरात कोणी जुनं माणूस गातं का? जात्यावरच्या ओव्या कोणाच्या मालकीच्या नाहीत. पंखा बंद करून फोनवर रेकॉर्ड कर.

टिपरू

आजीने तीन ओव्या दिल्या. पंखा बंद केल्यावर आधी शिव्या दिल्या, त्याही रेकॉर्ड झाल्यात.

अडचण अशी की आजीचा सा पेटीवरच्या काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे लटकतोय. खाली ८०८ लावला की भांडण होतं. आजीला सूर सरळ करणाऱ्या ट्यूनरमधून काढलं तर ती आजी वाटत नाही, बाहुली वाटते.

खर्जातला

आजीला हात लावू नकोस. ८०८ काळी दोनवर ठेव आणि सॅम्पलरमधल्या फाइन ट्यूनने पाच-पाच सेंट वर ने, दोन्ही आवाज एकमेकांवर थरथरायचे थांबेपर्यंत. पेटीवरच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंत, काळी असो वा पांढरी, शंभर सेंट असतात. ऐकताना बेस एक सप्तक वर घे, खालचा ३८.९ हर्ट्झचा सूर हेडफोनवर नीट कळत नाही. जुळलं की परत खाली. आणि बेसला थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली किंचित खरखर) दे, नाहीतर फोनच्या स्पीकरवर तो ऐकूच येणार नाही.

टिपरू

३५ सेंटवर बसला. मित्र लिहायला बसलाय. आजी विचारतेय, माझं नाव लागणार का.

गोधडी

लावा. आणि शिव्या शेवटी ठेवा.