सोसायटीच्या ग्रुपवर: खालचं क्लिनिक आणि कांजिण्या

ए-३०२ (काकू): नाव घेत नाही. पण ज्या घरी कांजिण्या आहेत त्यांनी काल मुलाला खालच्या दातांच्या क्लिनिकमध्ये आणून बसवलं होतं. माझी सून सातव्या महिन्यात आहे. अर्धा तास शेजारच्या खुर्चीवर होती.

बी-१०४: काकू, नाव घ्यायचं बाकी काय ठेवलंत? पुरळ उठून पाच दिवस झाले होते. खपल्या धरल्यात. तारा आवळायची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली होती.

ए-३०२ (काकू): मानेवर दोन ओले फोड मी स्वतः पाहिले. रिसेप्शनवरच्या मुलीनेही पाहिले, म्हणून तर तुम्हाला परत पाठवलं.

बी-२०४: आयत्या वेळी रद्द केलं की क्लिनिक आगाऊ भरलेले पैसे कापतं. आधी ते बोला.

सी-५०१ (डॉक्टर): काकू, आधी सुनेचं. तिला लहानपणी कांजिण्या आल्या असतील किंवा लशीचे दोन्ही डोस झाले असतील तर बहुतेक काळजी नाही. नसेल किंवा आठवत नसेल तर आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा. रक्त तपासून कळतं. इंजेक्शन लागलं तर संपर्कानंतर १० दिवसांच्या आत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं. ग्रुपवर भांडत बसू नका.

ए-३०२ (काकू): भांडत नाहीये डॉक्टर. सांगतेय.

सी-५०१ (डॉक्टर): आणि १०४, पाच दिवस हा ढोबळ अंदाज आहे. कॅलेंडर नाही, खपली बघायची. एक जरी फोड ओला असेल तरी मूल संसर्गजन्य. तारा आठवडाभर थांबल्या तर दात पळून जात नाहीत.

बी-६०३: आमच्या आजोबांचे पळाले होते, पण कवळी होती ती 😄

बी-२०४: पैसे कापतात म्हणून लोक आजारी असताना येतात. आधी ते बोला.

ए-१०१: क्लिनिकचा विषय निघालाच आहे तर, त्यांच्या पेशंटच्या गाड्या माझ्या जागेत उभ्या असतात. तीन वेळा लेखी दिलंय.

सेक्रेटरी: १०१, तो विषय सभेत घेऊ. कृपया.

बी-१०४: सभेवरून आठवलं. गेल्या सभेत ३०२चे काका दोन तास खोकत होते. तेव्हा कोणी ग्रुपवर लिहिलं नाही.

ए-३०२ (काकू): ती ॲलर्जी होती!!

सी-४०२: डॉक्टरसाहेब, माझे डोळे आलेत. उद्या चष्म्याचा नंबर काढायला जायचंय. गॉगल लावून जाऊ का?

सी-५०१ (डॉक्टर): नको. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हातातून येतात. त्या मशीनवर हनुवटी आणि कपाळ टेकता, तिथे पुढचा माणूसही टेकतो. पाणी आणि चिपडं थांबू द्या. पण दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर थांबू नका, फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जा.

बी-६०३: म्हणजे ४०२ने लिफ्टची बटणं कोपराने दाबावीत.

सी-४०२: मी जिना वापरतोय केव्हापासून. लिफ्ट चालू असते कुठे?

ए-२०३: आमच्या बाळाला सर्दी आहे, उद्या लस आहे. पुढे ढकलू ना?

सी-५०१ (डॉक्टर): साध्या सर्दीसाठी लस ढकलू नका. चांगला ताप असेल तर आधी विचारा. लोक इथेच उलटं करतात, लस पुढे ढकलतात आणि ताप अंगात घेऊन दात साफ करायला जातात. फ्लू असेल तर गोळी न घेता २४ तास ताप नसला पाहिजे. जुलाब थांबून ४८ तास. गालगुंडाला सूज आल्यापासून ५ दिवस. ओठावर तापाची पुळी (जर) आली असेल तरी दातांचं साधं काम थांबवा, ओला फोड चिघळतो आणि सगळीकडे लागतो. गोवराची शंका असेल तर फोन केल्याशिवाय कुठल्याच दारात जाऊ नका, माणूस निघून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत विषाणू २ तासांपर्यंत राहतो. आणि धाप लागली, छातीत दुखलं, मूल पाणीही घेईना, तर काहीही पुढे ढकलायचं नाही. वाटेतून फोन करा आणि जा.

सेक्रेटरी: डॉक्टरांचा मेसेज पिन करतो.

बी-२०४: त्यात पैशाचं कुठे आहे?

सेक्रेटरी: २०४, तुमचा मुद्दा पोचला. तीनदा पोचला.

ए-३०२ (काकू): सुनेच्या आईशी बोलले. तिसरीत असताना कांजिण्या आल्या होत्या म्हणाल्या, अंगावर खूणही आहे. तरी तिच्या डॉक्टरांना फोन लावलाय.

बी-१०४: बरं वाटलं काकू. मला खरंच माहीत नव्हतं ती तिथे असेल. ओले फोड दिसायला हवे होते मला.

ए-३०२ (काकू): असो. मुलाची खाज कशी आहे?

बी-१०४: कमी आहे. आणि क्लिनिकला फोन केला, पुढच्या महिन्याची वेळ दिली. पैसे कापले नाहीत. म्हणाले, संसर्गाचं कारण आधी कळवलं की कापतच नाही.

बी-२०४: मग माझे का कापले?

बी-६०३: तुम्ही कारण काय सांगितलं होतं?

बी-२०४: मॅच.