सरकीचं तेल, फार्मर आयडी आणि लोकसंख्येचा 'डाव'

बांधावरचा

परवा पानठेल्यावर एक व्हिडिओ फिरत होता. अमेरिकेतल्या एका माळावर मोठमोठे दगड, त्यांवर कोरलेलं की माणसांची संख्या पन्नास कोटींच्या आत ठेवा. मग बिल गेट्स, मग संयुक्त राष्ट्रांचा 'अजेंडा २१', मग लसी. शेवटी आपल्याच भागातल्या कुणीतरी आपल्या आवाजात जोडलेलं, "आता फार्मर आयडी आला, सातबारा गेला समजा." अर्धे लोक हसले, अर्धे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या काकांनी फार्मर आयडी (आधार आणि सातबारा जोडणारा शेतकऱ्याचा नंबर) काढायला सेतू केंद्रात जायचं रद्द केलं, म्हणून हा धागा काढतोय.

दगड खरे होते. जॉर्जिया राज्यात १९८० साली एका माणसानं टोपणनावानं पैसे देऊन ते उभारले. मजकूर आठ भाषांत, त्यात हिंदीही. जुलै २०२२ मध्ये कुणीतरी स्फोट करून एक दगड उडवला आणि बाकीचे पाडून टाकण्यात आले. ज्याला गुपचूप जग ताब्यात घ्यायचंय तो आपला बेत रस्त्याच्या कडेला आठ भाषांत कोरून ठेवतो, हे मला काही पटत नाही बुवा.

'अजेंडा २१' म्हणजे १९९२ साली रिओला १७८ देशांनी मान्य केलेला पर्यावरण-विकासाचा जाडजूड आराखडा. तो कोणत्याही देशावर कायद्यानं बंधनकारक नाही. आपल्याकडे बंधनकारक असलेले ग्रामसभेचे ठराव कुणी पाळत नाही, तिथं हा कोण पाळणार?

गेट्स २०१० च्या भाषणात म्हणाले होते की लसी, आरोग्यसेवा आणि प्रजनन आरोग्य सुधारलं तर पुढं वाढून जेवढी होणार ती लोकसंख्या दहा-पंधरा टक्क्यांनी कमी भरेल. व्हिडिओत एवढंच वाक्य कापून लावलंय. मुलं जगतात असं दिसलं की लोक कमी मुलं होऊ देतात, हा त्याचा अर्थ. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं, त्यांतले चार जगले. आईला आम्ही तिघं, तिघंही आहोत. मला एक मुलगी. लस टोचून आमचं घर कुणी लहान केलं नाही.

रोखठोक_अमरावती

बांधावरचा, दगडांवर हसणं सोपं आहे. १९७६ वर हसून दाखवा. आणीबाणीत सरकारनं १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या केल्या, म्हणजे ठरवलेल्या उद्दिष्टाच्या जवळजवळ दुप्पट. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढं या शस्त्रक्रियांशी जोडलेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मोहर उमटली नाही म्हणून वाचलो. हे सगळं झालेलं असताना गावातल्या माणसाला 'अंधश्रद्धाळू' म्हणायचा अधिकार कुणाला आहे?

बांधावरचा

अंधश्रद्धाळू हा शब्द मी वापरलेला नाही, तुम्ही माझ्या तोंडी घालताय. १९७६ नाकारतच नाही. पण ज्या सरकारला गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये करून कालव्यांचं काम इतकी वर्षं रेटता आलं नाही, ते शंभर देशांना बरोबर घेऊन गुप्त कट चालवेल?

रोखठोक_अमरावती

ही पळवाट झाली. कालवा जमला नाही, पण नसबंदीचं उद्दिष्ट दुप्पट जमलं. सरकार निकम्मं असतं ते त्याला जिथं रस नसतो तिथं.

बांधावरचा

हा मुद्दा बिनतोड आहे. गोसीखुर्द मागे घेतो.

पऱ्हाटीवाला

तुमी शिकलेले लोकं भांडत राहा. मी जे पाह्यलं थे सांगतो. आमच्या गावात लगन होऊन सात-आठ वर्स झालेले चार जोडपे हायेत, पाळणा नाई. पह्यले असं नोहोतं. बीटी कपाशी आली अन् सरकीचं तेल घराघरात आलं. बीटीचं बी दुसऱ्या वर्सी पेरलं त उगवत नाई, हे सगळ्याईले माहीत हाय. जे बी सोता वांझ, त्याचं तेल खाऊन मानसाचं काय होईन? मले इंग्रजी येत नाई, पण इतकं त समजते.

रसायनवाले_सर

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमच्या बोलण्यात एक धागा खरा आहे, आणि तो व्हिडिओवाल्यांनाही ठाऊक नाही.

घरी सरकी असेल तर एक बी दातांखाली फोडा (गिळू नका). पांढऱ्या गरात बारीक काळे ठिपके दिसतील. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. चीनमध्ये काही गावांत कच्च्या सरकीच्या तेलात स्वयंपाक होत असे आणि तिथं मुलं होत नव्हती. शोध घेता घेता बोट गॉसिपॉलकडं गेलं. मग सत्तरच्या दशकात त्यांनी ते पुरुषांसाठी संततिनियमनाची गोळी म्हणून आठ हजारांहून जास्त लोकांना देऊन पाहिलं. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींची प्रजननक्षमता परतलीच नाही. म्हणून नाद सोडला.

म्हणजे सरकीत वंध्यत्व आणणारं काहीतरी आहे, हे खरं. पण ते देशी कपाशीतही होतं, बीटीला परवानगी मिळाली त्या २००२ च्या कितीतरी आधीपासून. किडीपासून बचाव म्हणून झाड स्वतःच ते तयार करतं, बीटीच्या जनुकाचा त्याच्याशी संबंध नाही. बाजारातल्या तेलाचं शुद्धीकरण करताना अल्कलीनं ते काढलं जातं. घाण्यावरून थेट कच्चं सरकीचं तेल आणून कुणी खात असेल तर मात्र थांबवा. गाई-म्हशी ढेप पचवतात कारण त्यांच्या पोटात गॉसिपॉल बांधलं जातं. कोंबड्यांना ते बाधतं.

आणि बी उगवत नाही असंही नाही. उगवतं, पण संकरित असल्यामुळं दुसऱ्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. न उगवणाऱ्या 'टर्मिनेटर' बियाण्याचं पेटंट अमेरिकेत १९९८ मध्ये घेतलं गेलं होतं. ते बियाणं बाजारात कधीच आलं नाही.

पऱ्हाटीवाला

काळे ठिपके पाह्यले सर. हायेत. म्हंजे मी पुरा बह्याड नाई.

उपकेंद्रातली_सिस्टर

भाऊ, एक विचारू? त्या चार जोडप्यांतल्या किती नवऱ्यांनी तपासणी केली?

पऱ्हाटीवाला

एकानंबी नाई.

उपकेंद्रातली_सिस्टर

वाटलंच. बायका तीन-तीनदा नागपूरला जाऊन येतात, नवरा पानठेल्यावर व्हिडिओ पाहतो.

आता माझी बाजू. २०२१ च्या जानेवारीच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. लेकरं वाचली, पण तो घोर निष्काळजीपणाच होता. त्यानंतर मी पुढच्या फेरीला गेले तेव्हा एक माय दारात उभी राहून म्हणाली, "आधी तू पी." मला राग आला नाही. मी माझ्या तळव्यावर थेंब घेऊन चाटला. तिला शिशीवरचं चित्र दाखवलं, गोलात चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, गोलाएवढाच गडद झाला तर उन्हानं खराब, फेकायची. ती आता स्वतः शिशी मागून बघते. शेजारणीलाही शिकवलं तिनं.

सॅनिटायझरची गोष्ट बाहेर यायला वेळ लागला नाही. लपवायची म्हटली तरी लपली नसती. इतक्या लोकांच्या हातून जाणारं काम, त्यात कट कसा टिकेल ते मला कळत नाही.

पण रोखठोकदादांनी एक गोष्ट सोडली. १९७७ नंतर सरकारनं पुरुषांचा नाद सोडला आणि सगळं ओझं बायकांवर टाकलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शस्त्रक्रिया झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांचं ऑपरेशन उरकलं आणि त्यांतल्या तेरा जणी गेल्या. हे उघड उघड, एका बंद पडलेल्या दवाखान्यात झालं. त्याचा व्हिडिओ माझ्या ग्रुपवर कधी आला नाही. गेट्सचा आठवड्याला येतो.

निवृत्त_गुरुजी

१९७६ साली मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवीन लागलो होतो. दोन 'केसेस' आणल्याशिवाय पगार निघणार नाही, असं आम्हाला तोंडी सांगितलं होतं. मी ज्या माणसाला नेलं तो साठीचा, बायको वारलेली. त्याला नसबंदीची गरज नव्हती, मला पगाराची होती. येताना त्यानं बैलगाडीत माझ्याकडं पाठ केली आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. हा कट नव्हता. वरून आकडा आला, प्रत्येकानं आपल्या खालच्यावर ढकलला आणि शेवटी तो त्या म्हाताऱ्यावर जाऊन थांबला.

रोखठोक, आणखी एक ऐका. त्या रागानं देशात काँग्रेस पडली, पण विदर्भातल्या बहुतेक जागा १९७७ मध्येही तिनंच जिंकल्या. लोक तेव्हा काय विचार करत होते याचा मी आजही अंदाज लावतो.

रोखठोक_अमरावती

गुरुजी, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. तरी माझा प्रश्न तसाच आहे. उद्या पुन्हा वरून आकडा आला तर? आता तर आमचं सगळं एका नंबरात आहे. आधार, सातबारा, बँक. समृद्धी महामार्गाला जमिनी गेल्याच ना?

बांधावरचा

गेल्या. पण अधिसूचना काढून, मोजणी करून, गरज पडली तिथं पोलीस उभे करून गेल्या. सरकारला जमीन घ्यायची असली की ते लपून घेत नाही. आयडीनं मालकी बदलत नाही, त्यासाठी फेरफार लागतो आणि फेरफाराची नोटीस निघते. एका नंबरात सगळं गोळा होण्याची तुमची भीती मात्र मलाही आहे. कोण बघतंय, कुणाला देतंय, हे ग्रामसभेत विचारायला हवं. काकांनाही हेच सांगितलं. ते म्हणाले, ग्रामसभेत विचारलं तर घरकुलाच्या यादीतून नाव उडेल. आता हा कट आहे की नाही, तुम्हीच ठरवा!

पऱ्हाटीवाला

थे जाऊ द्या. आयडी काढाले कागदं कोणते लागते? २०२५ पासून शेतीखात्याच्या योजनेले मांगूनच रायले.

बांधावरचा

आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि सातबारा, आठ-अ. नाव दोन्हीकडे जुळलं पाहिजे, तिथंच लोक अडकतात.

पऱ्हाटीवाला

झालं मंग. सातबाऱ्यावर अजून माह्या आज्याचंच नाव हाय.