डेन्व्हरला लेकीकडं चाललोय, यूट लोकांचं काय बघावं?

राजारामपुरीची_काकी: मे-जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडं कोलोरॅडोला जाणार. जावईबापू मेसा व्हर्डे, ते कड्यात दगडी घरं असलेलं नॅशनल पार्क, दाखवणार म्हणतात. मी वाचलं की तो सगळा मुलूख यूट आदिवासींचा, यूटा राज्याला नावपण त्यांच्यावरनंच पडलंय, मग ती कड्यातली दगडी घरं त्यांचीच का? आणि त्यांचा नाच असतो म्हणे, आपण गेलेलं चालतं का, उगं कुणाच्या देवाधर्मात घुसल्यासारखं नको.

पंचगंगा_घाट: काकी, ती घरं यूटांची नव्हेत, प्युब्लो म्हणून दुसरे आदिवासी हायत, त्यांच्या पूर्वजांची. पण शेजारीच यूट माउंटन ट्रायबल पार्क हाय, तिथंबी तसलीच घरं हायत आणि ती जमीन यूटांची, त्यांचा गाइड घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी तर म्हणतो मेसा व्हर्डेला अर्धा दिवस कमी द्या पण हे बघा. अमेरिकन सरकारनं १८६८ च्या तहात कोलोरॅडोचा पश्चिमेकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग यूटांना कायमचा म्हणून लिहून दिलेला, मग सान हुआन डोंगरात सोनं-चांदी घावली आणि १८७३ च्या करारात ते डोंगर काढून घेतले, १८८१ ला तर बऱ्याच जणांना सैन्य लावून यूटा राज्यात हाकललं. कायमचा म्हणजे पाच वर्षं!! आता त्याच जमिनीच्या उरल्यासुरल्या तुकड्यावर कोण कुठं फिरणार ते यूट ठरवतात, मला हे लई भारी वाटतं.

भावा_नाद_खुळा: जायचं ते जावा, पण तिकडच्या आदिवासींचं एवढं कौतुक आणि इथं चांदोलीतनं उठवलेल्या लोकांचं कोण विचारतंय? बोललो, राग मानू नका.

पंचगंगा_घाट: बरोबर हाय भावा, पण काकींनी विचारलंय ते वेगळं, त्याचा वेगळा धागा काढ की.

कसबा_बावडा_ते_कोलोरॅडो: मी इथंच असतो. नाच म्हणजे बेअर डान्स, वसंतात अस्वल जागं होतं त्याचा. इग्नासिओ गावाला सदर्न यूटांचा (यूटांचीच एक शाखा) मे अखेरच्या वीकेंडला असतो, बाहेरच्यांना बघायला येऊ देतात. खाचा पाडलेल्या काठीवर दुसरी काठी घासून वाजवतात, गुरगुरल्यागत आवाज येतो, आणि जोडीदार बायका निवडतात, पुरुषानं नाही म्हणायचं नसतं, तेव्हा काकांना सांगून ठेवा 😄 फोटो मात्र विचारल्याशिवाय नको. आपल्या पट्टणकोडोलीला भंडारा उधळताना रीलवाले मधी घुसतात तेव्हा कसं वाटतं, तसंच. इग्नासिओला यूटांचं स्वतःचं म्युझियमपण आहे. वाटेत मॉन्ट्रोज गाव लागलं तर तिथलंही यूट म्युझियम बघा, यूरे या पुढाऱ्याची बायको चिपिटा तिथंच पुरलीय, तीपण हाकलून यूटा राज्यात नेलेल्यांतली, १९२४ ला तिकडंच वारली, पुढच्या वर्षी तिला इकडं आणून पुरलं.

राजारामपुरीची_काकी: बाई, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रायबल पार्कचं बुकिंग आधी करायला लागतं का? आणि ह्यांचे गुडघे दुखतात, शिड्या असतील तर ते गाडीतच बसतील.

कसबा_बावडा_ते_कोलोरॅडो: हो, आधीच करा. अर्ध्या दिवसाची टूर घ्या, पूर्ण दिवसाच्यात शिड्या आहेत.